पशुरक्षक कुत्रा

पशुरक्षक कुत्रा : शेळ्या, मेंढ्या, गुरे किंवा कोंबड्या यांच्यात सतत वावरून हिंस्र श्वापदे, भटकी कुत्री व चोर यांपासून त्यांचे रक्षण करणाऱ्या कुत्र्यास पशुरक्षक कुत्रा म्हणतात. दाराशी बसून परक्यावर भुंकणारा घरराख्या कुत्रा, कळप वळविणारा मेंढपाळी कुत्रा आणि शिकारी कुत्रा या तिघांहून तो वेगळा असतो. हा भेद लक्षात न घेता केवळ आकार, रुबाब किंवा उग्रपणा पाहून कुत्रा आणला, तर ज्या जनावरांसाठी तो आणला त्यांनाच त्याच्यापासून धोका उद्‌भवतो. पाच-दहा शेळ्या, दोन गाई व थोड्या कोंबड्या बाळगणाऱ्या कुटुंबाचे एका रात्रीत दोन करडे गेली तरी मोठे नुकसान होते. त्यामुळे कुत्र्याची निवड हा अशा कुटुंबाच्या दृष्टीने हौसेचा विषय राहत नाही.

कार्यानुसार भेद : कुत्रा हा मूळचा शिकारी प्राणी आहे. सावज न्याहाळणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे व मारणे अशी त्याच्या शिकारीच्या वर्तनाची साखळी असते. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी कुत्र्याची पैदास करताना या साखळीतील काही दुवे बळकट केले व काही दुबळे केले. बॉर्डर कोली या स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरील मेंढपाळी कुत्र्यात न्याहाळणे, दबा धरणे व पाठलाग हे दुवे तीव्र आहेत, तर चावण्याचा दुवा दाबलेला आहे. मेंढ्या त्याला भितात व म्हणूनच तो सांगेल तिकडे वळतात. पशुरक्षक कुत्र्यात ही सारी साखळीच क्षीण असते. तो मेंढ्यांकडे टक लावून पाहत नाही, मान खाली घालून संथपणे त्यांच्यातून जातो व मेंढ्याही त्याला पाहून उधळत नाहीत. श्वापद दिसले की तो भुंकत पुढे जातो, श्वापद आणि कळप यांच्या मध्ये उभा राहतो व धोका टळताच कळपाकडे परततो. तो श्वापदाला क्वचितच ठार करतो. श्वापदाच्या हल्ल्यात व्यत्यय आणणे हेच त्याचे खरे काम असून, जखमी होण्याचा धोका पत्करण्यापेक्षा दुसरीकडे जाणे लांडग्याला किंवा कोल्ह्याला बहुधा सोयीचे वाटते.

महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या प्रदेशांत प्रसिद्ध असलेला कारवान (मुधोळ) व मराठवाड्यात आढळणारा लांब केसांचा पश्मी हे दृष्टीच्या बळावर शिकार करणारे, लांब पायांचे व अरुंद देहाचे शिकारी कुत्रे आहेत. पळती वस्तू दिसताच तिच्यामागे धावणे हा त्यांचा जातिधर्म आहे. सशामागे धावणाऱ्या कुत्र्याला उड्या मारणारे करडू वेगळे वाटेलच असे नाही. जन्मापासून कळपात वाढलेला एखादा कारवान शेळ्यांत उत्तम राहतो हे खरे; परंतु त्यावर विसंबून पिल्लू आणणे धाडसाचे ठरते. जर्मन शेफर्ड (अल्सेशियन) या कुत्र्याच्या नावात मेंढपाळ असला, तरी मूळच्या जर्मनीतही त्याचे काम कळप वळविण्याचे व त्याला पिकात शिरू न देण्याचे होते. पुढे त्याची पैदास मुख्यतः पोलिसी व लष्करी कामांसाठी होत गेली. डोबरमन माणसाच्या रक्षणाचा कुत्रा आहे. लॅब्रॅडॉरविषयी विशेष लिहिण्याची गरज नाही. तो चोराचेही स्वागत करतो.

इतिहास : मार्कस टेरेंटियस व्हॅरो या रोमन ग्रंथकाराने इ. स. पू. ३७ च्या सुमारास लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात कळपाच्या कुत्र्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. कुत्रा शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून घेऊ नये, असे तो बजावतो. खाटकाचा कुत्रा आळशी असल्याने कळपामागे जात नाही आणि शिकाऱ्याचा कुत्रा ससा वा हरिण दिसताच मेंढ्या सोडून त्याच्यामागे लागतो, अशी कारणे त्याने दिली आहेत. लांडग्यापासून मानेचा बचाव व्हावा म्हणून खिळे बसविलेल्या चामडी पट्ट्याचे वर्णनही त्याच्या ग्रंथात आहे. एका धनिकाने दूरच्या प्रांतातील कळप कुत्र्यांसह विकत घेतले. जुन्या मेंढपाळांनी ते नव्या कुरणापर्यंत पोहोचविले व ते घरी परतले. पण काही दिवसांतच कुत्रे अनेक मजलांची वाट तुडवून त्या मेंढपाळांकडे परत गेले, अशी हकिकत तो सांगतो. मोठा झालेला कुत्रा विकत घेणाऱ्याने ती आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इ. स. पहिल्या शतकातील कॉल्यूमेला याच्या मते कळपाचा कुत्रा पांढरा असावा, म्हणजे झुंजुमुंजू उजेडात लांडगा समजून मेंढपाळ त्याच्यावरच घाव घालणार नाही. घराचा कुत्रा मात्र काळा असावा, कारण तो दिवसा भयंकर दिसतो व रात्री चोराला दिसत नाही. कुत्रा फार गरीब असू नये व फार क्रूरही असू नये, गरीब कुत्रा चोरापुढे शेपूट हलवितो व क्रूर कुत्रा घरच्यांनाच चावतो, हे त्याचे निरीक्षणही मार्मिक आहे.

चार्ल्स डार्विन याने आपल्या सागरसफरीच्या वृत्तांतात (१८३९) उरुग्वेतील मेंढपाळी कुत्र्यांचे वर्णन केले आहे. तेथे अगदी लहान पिल्लू आईपासून वेगळे करून मेंढीच्या अंगावर पाजीत, मेंढवाड्यातच त्याला लोकरीचे अंथरूण करून देत आणि इतर कुत्र्यांशी व घरातील मुलांशी त्याचा संबंध येऊ देत नसत. असा कुत्रा मोठेपणी माणसाशिवाय मैलोन् मैल दूर कळप राखी. रोजचे मांस घ्यायला तो घरी येई तेव्हा घरची कुत्री त्याला पळवून लावीत; परंतु कळपात पोहोचताच तो उलटून भुंके व तीच कुत्री पळ काढीत. आपला कळप कोणता हे कुत्रा लहानपणीच्या सहवासावरून ठरवितो, हे या वर्णनातून स्पष्ट होते.

विसाव्या शतकात या विषयाला शास्त्रीय वळण मिळाले. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले, की पिलाच्या आयुष्यातील सु. तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिक बंध जुळण्याचा काळ असतो. १९७२ मध्ये अमेरिकेतील संघीय भूमीवर श्वापदांना विष घालण्यास बंदी आली आणि मेंढीपालकांना दुसरा उपाय शोधणे भाग पडले. मॅसॅचूसेट्समधील हॅम्पशर कॉलेजात रेमंड व लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० नंतरच्या दशकात यूरोप व तुर्कस्तानातून मरेम्मा, शारप्लानिनात्स, अनातोलियन इ. जातींचे कुत्रे आणून त्यांची पिले शेतकऱ्यांकडे कामासाठी ठेवली व त्यांच्या वर्तनाच्या नोंदी केल्या. ग्रीन व वुड्रफ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७६३ कुत्र्यांची माहिती आहे. त्यांपैकी सु. ७१% कुत्रे अत्यंत उपयुक्त व ८% निरुपयोगी ठरले. निरनिराळ्या जातींच्या किंवा नर-मादीच्या यशात उल्लेखनीय फरक आढळला नाही. माणसाला चावण्याचे प्रमाण मात्र जातीनुसार बदलते. ते कोमोंडोर जातीत अधिक व ग्रेट पिरेनीजमध्ये कमी होते.

याहूनही आपल्याकडील पशुपालकाला उपयोगी उदाहरण ॲरिझोनातील नाव्हाहो लोकांचे आहे. त्यांचे कळप राखणारी कुत्री कोणत्याही नामांकित जातीची नसून मिश्र रक्ताची, मध्यम आकाराची व आपल्या गावठी कुत्र्यांसारखी असतात. चार-पाच आठवड्यांची पिले शेळ्यामेंढ्यांच्या आवारात ठेवली जातात, त्यांना फारसे कुरवाळले जात नाही व त्यांचे खाणेपिणेही तेथेच होते. ही कुत्री कोयोटीपासून कळपाचे उत्तम रक्षण करतात, असे १९८० नंतरच्या दशकातील अभ्यासात दिसून आले.

भारतातील जाती : हिमालयात गुरे व मेंढ्या राखणारे दणकट कुत्रे पूर्वापार आहेत. त्यांत हिमाचल प्रदेशातील गद्दी, जम्मू-काश्मीरमधील बकरवाल, कुमाऊँ-गढवालमधील भोटिया व तिबेटी मॅस्टिफ हे प्रमुख होत. बिबट्याने गळा धरू नये म्हणून गद्दी मेंढपाळ त्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. या जाती दाट केसांच्या असल्याने दख्खनच्या उन्हाळ्यात त्यांचे हाल होतात व दुपारभर सावलीत धापा टाकणारा कुत्रा रानात कळपाबरोबर जाऊ शकत नाही. हौसेने आणलेल्या अशा कुत्र्याला घरात पंख्याखाली ठेवावे लागते आणि शेळ्या गोठ्यात एकट्याच राहतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा धनगरांकडे आहे. पावसाळा संपल्यावर देशावरून कोकणात उतरणारे व पुढील पावसाळ्यापूर्वी परतणारे कळप वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसविले जातात. रात्री मेंढ्यांभोवती वाघूर म्हणजे जाळे लावतात आणि कुत्री वाघुरीच्या बाहेर अंतराअंतराने पडून असतात. त्यांतील बरीचशी सु. १५ ते २० किग्रॅ. वजनाची, आखूड केसांची व कोणत्याही रंगाची असतात. वाड्यावरच व्यालेल्या कुत्रीची पिले कोकरांबरोबर लोळतात, मेंढ्यांच्या वासात वाढतात आणि चालू लागली की तळाबरोबर चालतात. त्यांना कोणी मुद्दाम शिकवीत नाही. नाव्हाहो पद्धतीशी असलेले हे साम्य योगायोगाचे नसून दोन्हीकडे एकाच नैसर्गिक नियमाचा उपयोग केलेला आहे.

निवड : प्रथम शत्रू कोण हे पाहावे. गावाजवळच्या कुटुंबाला बहुधा लांडग्यापेक्षा भटक्या कुत्र्यांच्या टोळीचा व मुंगसाचा उपद्रव अधिक असतो आणि त्यासाठी मध्यम आकाराचा, जागरूक, भुंकणारा कुत्रा पुरतो. सोलापूर, अहिल्यानगर व पुणे जिल्ह्यांच्या माळरानांत लांडगे आहेत. तेथे रानात चरणाऱ्या कळपाबरोबर एकापेक्षा अधिक कुत्री लागतात, कारण लांडग्यांच्या टोळीपुढे एकटा कुत्रा मारला जाण्याचा संभव असतो. दोन कुत्री असली म्हणजे एक पुढे होते व दुसरे कळपापाशी थांबते, असा अनुभव आहे.

शक्यतो राखण करणाऱ्या आईबापांचे, कळपातच जन्मलेले पिल्लू घ्यावे. घेणाऱ्याने दिवे लागणीच्या वेळी तेथे जावे. परका पाहून कुत्री भुंकत पुढे यावी; मालकाने शब्द टाकताच तिने शांत व्हावे. ती शेळ्यांत बसली असता शेळ्यांनी रवंथ थांबवू नये. करडू अंगावरून उडी मारून गेले तरी तिने मान उचलू नये. या गोष्टी कोणत्याही वंशावळीच्या कागदापेक्षा अधिक सांगतात. पिलांतील सर्वांत दांडगे व सर्वांत भित्रे अशी दोन्ही वगळावी. सात ते आठ आठवड्यांपर्यंत पिल्लू आईजवळच ठेवावे, परंतु आई गोठ्यातच असावी. नर किंवा मादी कोणतीही चालते. मात्र माजावर आलेल्या कुत्रीमुळे गावातील कुत्री गोळा होतात व नर कळप सोडून भटकतो, म्हणून दोघांचेही खच्चीकरण करून घेणे हितावह असते. पुण्याजवळच्या माळरानावर कुत्रा व लांडगा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. लांडग्याच्या वंशाच्या दृष्टीनेही मोकाट प्रजनन घातक आहे.

घरात लहान मुले असतील, तर उग्र जात टाळावी. पाहुणे, दूधवाले व शेजारी यांचा राबता असलेल्या घरी चावरा कुत्रा हा मालकाला भुर्दंडच होतो. पाळीव प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) कलम २९१ नुसार गुन्हा आहे.

संगोपन : पिल्लू आणल्यावर त्याला दोन-तीन शांत, वयस्क शेळ्यांबरोबर बांधीव जागेत ठेवावे. नुकत्याच व्यालेल्या शेळ्या पिलाला शिंगावर घेतात, म्हणून त्या दूर असाव्यात. एका कोपऱ्यात खाली फळी मारून पिलालाच जाता येईल अशी आडोशाची जागा करावी. अन्नही तेथेच द्यावे. घरच्या माणसांनी रोज त्याला हाताळावे, गळ्यात पट्टा घालण्याची व औषध घेण्याची सवय लावावी, पण माजघरात आणून त्याच्याशी खेळत बसू नये. हे नियम साधे आहेत आणि मोडले जातात ते प्रेमापोटी. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेली बहुतेक फसलेली कुत्री जातीने वाईट नव्हती. ती मुलांच्या अंथरुणात वाढली होती व शेळ्यांपेक्षा ओटीला आपले घर मानीत होती.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ अवघड असतो. या वयात कुत्रा खेळाच्या भरात करडांमागे धावतो, त्यांचे कान ओढतो व क्वचित त्यांना जखमी करतो. असे दिसताच त्याच क्षणी दटावावे व त्याला लहान जनावरांतून काढून थोराड शेळ्यांत किंवा बोकडाबरोबर ठेवावे. नाठाळ गुराला बांधतात तसे हलके लोढणे काही आठवडे गळ्यात अडकविल्यास धावणे आपोआप कमी होते. या टप्प्यावर कंटाळून कुत्रा विकणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः दोन वर्षांच्या आत तो पुरता भरवशाचा होत नाही. कोंबड्यांच्या बाबतीत अधिक काळ लागतो, कारण फडफडणारा पक्षी कुत्र्याच्या शिकारी वृत्तीला सर्वांत लवकर चेतवितो. तरीही हे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियातील वॉर्नंबूल शहराजवळील मिडल आयलंड या बेटावर २००६ पासून मरेम्मा कुत्र्यांचा उपयोग कोल्ह्यांपासून छोट्या पेंग्विनांचे रक्षण करण्यासाठी करण्यात आला आणि तो यशस्वी ठरला.

उपाशी कुत्रा चांगली राखण करतो, हा समज चुकीचा आहे. उपाशी कुत्रा उकिरड्यावर जातो व त्या वेळी गोठा मोकळा राहतो. नुसत्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढत्या पिलाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. ताक-दुधाबरोबर शिजविलेली अंडी, मासळी किंवा मांस यांची जोड द्यावी लागते.

बिबट्याच्या प्रदेशातील दक्षता : जुन्नर, अकोले, संगमनेर या भागांतील उसाच्या शेतांत बिबटे कायमचे राहतात आणि तेथे निवडीचा सारा विचारच बदलतो. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीवरून केलेल्या अभ्यासात त्याच्या आहारातील सु. ८७% वाटा पाळीव व गावातील प्राण्यांचा आढळला आणि त्यात सर्वांत मोठा, सु. ३९%, हिस्सा एकट्या कुत्र्याचा होता. शेळीपेक्षा कुत्राच तेथे अधिक खाल्ला जातो. कारण शेळी रात्री कोंडलेली असते व कुत्रा उघड्यावर असतो. अशा ठिकाणी साखळीला बांधलेला कुत्रा राखणदार नसून आमिष ठरतो. त्याला पळता येत नाही, लढता येत नाही आणि त्याच्या ओढीने बिबट्या दाराशी येतो. म्हणून या भागात जनावरांचे संरक्षण कुत्र्यावर न सोपविता गोठ्यावर सोपवावे. चारही बाजूंनी व वरूनही मजबूत जाळी असलेल्या गोठ्यात रात्री शेळ्यांबरोबरच कुत्राही मोकळा ठेवावा. आतून भुंकून तो घरच्यांना जागे करतो व स्वतःही वाचतो. रुंद, काटेरी पट्टा गळ्याच्या पकडीपासून काही प्रमाणात बचाव करतो. मृत जनावरावर विष टाकून बिबट्या किंवा लांडगा मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गंभीर गुन्हा असून, असे विष पुष्कळदा राखणीच्या कुत्र्याच्याच पोटात जाते.

आरोग्य : पिलास सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर व पार्व्हो या विषाणुजन्य रोगांविरुद्ध आणि तीन महिन्यांच्या सुमारास अलर्क (रेबीज) रोगाविरुद्ध लस टोचावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती पुन्हा देत राहावी. गोठ्यातील कुत्रा पिसाळल्यास माणसांइतकाच गुरांनाही धोका असतो. जंतांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. एकिनोकॉकस या चपट्या कृमीची प्रौढावस्था कुत्र्याच्या आतड्यात असते व त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यात आणि पाण्यात मिसळतात. ती पोटात गेल्यास शेळ्या-मेंढ्यांच्या, गुरांच्या व माणसाच्याही यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. टीनिया मल्टिसेप्स या कृमीची अळी मेंढीच्या मेंदूत वाढते. अशी मेंढी मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरत राहते व शेवटी दगावते. दोन्ही रोगांत गाठी असलेले कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले, की कृमीचे चक्र पूर्ण होते. त्यामुळे कापलेल्या किंवा मेलेल्या जनावराचे यकृत, फुप्फुस व डोके कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरावे किंवा जाळावे आणि कुत्र्यास प्राझिक्वांटेल हे औषध ठराविक मुदतीने द्यावे. व्यालेल्या शेळीची वारही कुत्र्याला खाऊ देऊ नये, कारण गर्भपात घडविणारे काही रोगजंतू तिच्यावाटे पसरतात. जुना कुत्रा सहा-सात वर्षांचा झाला, की दुसरे पिल्लू त्याच्याच सहवासात वाढविण्यास सुरुवात करतात.